लाटेवर जाण्याआधी वजनकाटा

गोव्याला जाऊन विंडसर्फिंग शिकून आलेले चाळिशी-पन्नाशीतले लोक हल्ली ओपीडीत भेटू लागले आहेत. दाखवायची असते कंबर नाहीतर घोटा. पण औषध लिहून झाले की हळूच प्रश्न येतो, 'डॉक्टर, आता स्वतःचा बोर्ड घेतोय, लाटांसाठीचा. चालेल ना?' चालेल की नाही, हे बरेचसे त्या बोर्डावरच अवलंबून असते.

ज्या बोर्डावर आपण शिकतो तो लांब, रुंद आणि भरपूर तरंगणारा असतो. शर्यतीचेही तसेच. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये एबाद अलीने ज्या 'आरएस:एक्स' प्रकारात कांस्यपदक मिळवले, तो बोर्ड २८६ सेंटिमीटर लांब, ९३ सेंटिमीटर रुंद आणि २३४ लिटरचा. कमी वाऱ्यात, फार न उसळणाऱ्या पाण्यावर तो उत्तम. उसळत्या पाण्यासाठीचा बोर्ड याच्या निम्म्याहूनही कमी लिटरचा असतो, आणि बहुतेकांची फसगत या लिटरच्या आकड्यावरच होते.

लिटर म्हणजे बोर्डाचे आकारमान. आर्किमिडीजचा शाळेतला नियम आठवा: वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढा आधार तिला मिळतो. समुद्राचे एक लिटर पाणी साधारण १.०२५ किलो भरते, म्हणजे १०० लिटरचा बोर्ड पूर्ण बुडेपर्यंत सुमारे १०२ किलो पेलतो. आता बेरीज करू. तुमचे वजन ७५ किलो. शीड, डोलकाठी आणि हातात धरायचा बूम मिळून ९. खुद्द बोर्ड ८. भिजलेले कपडे, हार्नेस, लाइफजॅकेट यांचे ३. झाले ९५ किलो. ९३ लिटरच्या बोर्डावर तुम्ही जेमतेम तराल, ८५ लिटरच्या बोर्डावर उभे राहिलात तर तो पायाखाली पाण्यात जाईल. (वजन म्हणजे आजचे वजन. लग्नातले नव्हे, आणि दिवाळीनंतर मोजलेले असेल तर उत्तम.)

मग पट्टीचे लोक ७५-८० लिटरचे बोर्ड कसे वापरतात? ते त्यावर उभे राहून निघतच नाहीत. पाण्यात पडल्या पडल्या शीड वाऱ्यात धरतात आणि वारा त्यांना उचलून बोर्डावर ठेवतो. याला वॉटरस्टार्ट म्हणतात. एकदा वेग आला की बोर्ड पाण्यावर घसरू लागतो, तेव्हा त्याला तोलून धरणारा जोर त्या घसरण्यातून येतो. लिटरची गरज फारशी उरत नाही. पण हे सगळे वारा आहे तोवर. आपल्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे जोर धरतात आणि संध्याकाळी पडतात. रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे सुरू होतात. किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर आत असताना वारा पडला, तर ८० लिटरवाल्याला शीड पाण्यात टाकून बोर्डावर पालथे पडून हाताने वल्हवत यावे लागते. पंचविशीतला तगडा गडी येईल. पन्नाशीतला, दोन तास दमलेला आणि पाणी न प्यायलेला माणूस येईलच असे नाही. म्हणून लाटांसाठीच्या पहिल्या बोर्डाचे आकारमान वजनाच्या आकड्यात २५ ते ३० मिळवून धरावे, असे माझे मत आहे. ७५ किलोच्या माणसाला १०० ते १०५ लिटर, ६० किलोच्या बाईंना ८५ ते ९०. दुकानदार यापेक्षा लहान दाखवील. तो दिसतोही देखणा.

मग शिकलो तोच १५० लिटरचा बोर्ड का नको? त्याचे कारण रुंदी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो: १२ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटरचा वारा २४ नॉटवर गेला की तीच शीड हातात मावेनाशी होते. शीड लहान घेता येते, पण पाणीही तोपर्यंत बदललेले असते. जाणकार ज्याला 'चॉप' म्हणतात, त्या वाऱ्याने तिथल्या तिथे उठवलेल्या आखूड, वेड्यावाकड्या लाटा. दोना पावलाला झुआरीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी बाहेर निघत असते आणि वायव्येचा वारा त्याच्या तोंडावर येतो, तेव्हा याच लाटा आणखी आखूड आणि उभ्या होतात. पाऊण मीटर रुंदीचा सपाट बोर्ड वेगाने त्यावरून गेला की प्रत्येक उंचवट्यावर थापटला जातो. खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकी चालवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. फरक इतकाच की इथे शॉकअॅब्सॉर्बर म्हणजे तुमचा घोटा, गुडघा आणि मणक्यांमधल्या चकत्या.

त्यामुळे रुंदी ६० ते ६५ सेंटिमीटर आणि लांबी २३० च्या आसपास असलेला बोर्ड पाहावा. दुकानात या जातीला 'फ्रीवेव्ह' म्हणतात. तळ बाजूने निरखून पाहा. नाकापासून शेपटीपर्यंत थोडा बाक असावा. फार सपाट तळ वेग लवकर पकडतो पण आपटतो, फार वाकडा तळ छान वळतो पण वेगच घेत नाही. होडीच्या तळासारखी मधे किंचित धार असली की लाट फाटून बाजूला जाते. खालचा पंख, म्हणजे फिन, मोठ्या बोर्डापेक्षा आखूड लागतो. त्याची माहिती प्रशिक्षक देईलच.

माझा खरा आग्रह आहे तो पायपट्ट्यांबद्दल. विंडसर्फिंगच्या सुरुवातीला ते नव्हतेच. जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी १९६८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो बोर्ड बारा फुटी होता आणि त्यावर पाय मोकळे असत. हवाई बेटांवरच्या मंडळींना लाटांवरून उड्या मारताना बोर्ड पायाखालून निसटतो, ही अडचण आली आणि १९७७ मध्ये त्यांनी त्यावर पट्टे बसवले. त्या एका पट्ट्याने या खेळाला उड्या मिळाल्या आणि आम्हा डॉक्टरांना एक विशिष्ट दुखापत.

होते असे: बोर्डाचे नाक लाटेत घुसते, बोर्ड जागच्या जागी थांबतो, शीड माणसाला पुढे फेकते आणि पाय मात्र पट्ट्यात राहतो. घोडेस्वार पडला आणि पाय रिकिबीत अडकला की जे होईल तेच. पावलाच्या मध्यभागी, बोटांकडे जाणारी लांब हाडे जिथे मागच्या हाडांना जोडलेली असतात, तिथले बंध तुटतात. फ्रेंच शल्यविशारद जॅक लिस्फ्रँक याच्या नावाने ही दुखापत ओळखली जाते. ती फसवी असते. घोटा मुरगळला असे वाटते, बर्फ लावला जातो, क्रेप बँडेज बांधले जाते. झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये काहीवेळा सगळे नीट दिसते, कारण सांधा भार पडल्यावरच फाकतो. तळपायाला काळेनिळे पडले असेल, चवड्यावर उभे राहता येत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाला गाठून उभे राहून, दोन्ही पावलांचा एक्स-रे काढून घ्या. हे निसटले तर पाऊल सपाट होते आणि दुखणे आयुष्यभर पुरते.

म्हणून पट्टा बोर्डावर बसवतानाच मापात बसवायचा. पाय घातल्यावर बोटे पलीकडे दिसावीत, पण पाऊल घोट्यापर्यंत आत सरकू नये. फार घट्ट पट्ट्यातून पाय पडताना सुटत नाही. फार सैल पट्ट्यातून तो आरपार जाऊन अडकतो, आणि ते जास्त वाईट. पट्ट्यासाठी बोर्डावर स्क्रूच्या भोकांच्या दोनतीन जोड्या असतात. उसळत्या पाण्यात आतली, मध्यरेषेजवळची जोडी घ्यावी. मागे दोनऐवजी एकच पट्टा पुरतो. टाचेखाली जाड, मऊ पॅड आहे ना, हे अंगठ्याने दाबून पाहा. कालवांच्या खडकांमुळे तुम्ही रबरी बूट घालणार असाल तर माप बूट घालूनच घ्या. मधुमेहामुळे पावलांची जाणीव कमी झालेल्यांनी अनवाणी जाऊच नये: पट्टा काचतो आहे की शिंपल्याने कापले आहे, हे त्यांना किनाऱ्यावर आल्यावर कळते.

कंबरेचे दुखणे दुसऱ्याच ठिकाणी सुरू होते. पडलेली शीड दोरीने ओढून उभी करताना ती पाण्याने भरलेली असते, आणि नवखा माणूस गुडघे ताठ ठेवून पाठीने ओढतो. एका दुपारी हे वीस-तीस वेळा होते. गुडघे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची, शरीराचे वजन मागे टाकायचे आणि शिडावरचे पाणी निथळेपर्यंत थांबायचे. बोर्ड पायाखाली डचमळत असेल तर हे शक्य नाही, पाठ आपोआप वाकते. ते जास्तीचे २५ लिटर इथेही उपयोगी पडतात.

डोलकाठी किंवा बूम डोक्यात बसू शकतो, तेव्हा हेल्मेट हवेच. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी लाटांच्या नादी लागू नये, साध्या पाण्यावर समाधान मानावे. आणि डोक्याला मार लागलाच तर बरे वाटत असले तरी थेट रुग्णालय गाठावे.

आता किंमत. कार्बनचा हलका बोर्ड महाग असतो, कडक असतो आणि धक्के जास्त जाणवू देतो. शिवाय डोलकाठी आपटली की तडकतो. थोडा जड, साध्या बांधणीचा बोर्ड पहिल्या दोन वर्षांना पुरतो. आधी तोच प्रकार भाड्याने घेऊन तीन-चार दुपारी वापरावा, वारा असतानाच्या. जुना घेणार असाल तर पट्ट्यांभोवती आणि डोलकाठी बसते त्या खाचेजवळ बोटांनी दाबून पाहा, कुठे मऊ लागते का ते. मग बोर्ड काट्यावर ठेवा. छापील वजनापेक्षा दोन किलो जास्त भरला, तर आतल्या फोममध्ये पाणी शिरलेले आहे. तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.