श्वासाच्या सोबतीचे मोल

म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी दिलेल्या जमिनीवर १८८२ मध्ये अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतीवसाहत म्हणून व्हाइटफील्ड वसले. आज ते बेंगळुरूच्या माहिती-तंत्रज्ञान उद्योगाचे एक प्रमुख केंद्र आहे. नोकरीसाठी येथे आलेली जोडपी कालांतराने गावाकडच्या आईवडिलांनाही आणतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. काही घरांत वृद्धांबरोबर ‘सीओपीडी’ हा श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा दीर्घकालीन आजारही येतो. विडीला कधी हात न लावलेल्या, पण आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांनाही तो गाठतो. २०१६ मध्ये देशात त्याचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते.

या आजाराची खरी शुश्रूषा रुग्णालयात नव्हे, घरात होते. रक्तातील प्राणवायू फार घटलेल्या रुग्णाला तो दिवसाकाठी किमान १५ तास द्यावा लागतो. त्याचे यंत्र विजेवर चालते. वीज गेली की मोठ्या संकुलांना जनित्र तारते. तेथे धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाईच्या खोलीत ती सोय नसते. इनहेलरच्या वेळा, रात्रीची धाप, कफाचा बदललेला रंग यांवर लक्ष ठेवते ती बहुधा पत्नी, मुलगी किंवा सून. त्यापायी तिने सोडलेली नोकरी कोणत्याही सरकारी हिशेबात दिसत नाही.

आपला कायदा कर्तव्य सांगतो, आधार देत नाही. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा निर्वाह ही मुलांची जबाबदारी ठरवली. ‘आयुष्मान भारत’ योजनेचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी देखभाल भत्त्याची तरतूद आहे. परंतु त्याच्या परिशिष्टातील २१ प्रकारांत फुप्फुसाच्या विकाराला स्थान नाही.

ब्रिटनने १९७६ मध्ये असा भत्ता सुरू केला, तेव्हा विवाहित स्त्रियांना वगळले होते. त्या घरीच असतात, हे गृहीतक त्यामागे होते. एका विवाहितेने युरोपीय न्यायालयापर्यंत नेलेल्या दाव्यामुळे १९८६ मध्ये ती अट गेली. केरळची ‘आश्वासकिरणम्’ योजना अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्यांना दरमहा ६०० रुपये देते. रक्कम तुटपुंजी आहे. पण शुश्रूषा हे श्रम आहेत, ही कबुली तीत आहे.

नवा प्रकार अधिसूचनेद्वारे परिशिष्टात घालण्याचा अधिकार केंद्राला त्याच कायद्याने दिला आहे. प्राणवायूवर विसंबलेल्या रुग्णांपासून आरंभ करता येईल. मग राज्यांनी भत्ता ठरवावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनी घरच्यांना यंत्र व इनहेलर हाताळण्याचे शिक्षण द्यावे. सेवेला पुण्य म्हणून गौरवणे सोपे असते. तिचा खर्च वाटून घेणे, हे शासनाचे काम आहे.