कॉलेजच्या खेळात पैसा २०२१ साली आला नाही

अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडाविश्वाचा विषय निघाला की एक विधान हमखास ऐकू येतं: १ जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि छबी वापरून जाहिरातींतून कमाई करायची मुभा मिळाली आणि तोवर निर्मळ असलेल्या हौशी खेळाचा बाजार झाला. खेळ तोवर निर्मळ होता, हे गृहीतकच मुळात चुकीचं आहे. १८५२ साली न्यू हॅम्पशायरमधल्या तलावावर हार्वर्ड आणि येल यांची नौकांची शर्यत झाली. अमेरिकेतली ही पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मानतात. ती भरवली एका रेल्वे अधिकाऱ्यानं, आणि खेळाडूंची सगळी बडदास्तही त्यानंच ठेवली. १९२९ साली कार्नेगी फाउंडेशननं ११२ शिक्षणसंस्थांची पाहणी केली, तेव्हा ८१ ठिकाणी खेळाडूंना पैशाची किंवा सवलतींची आमिषं दाखवली जात असल्याचं आढळलं. कुठे उघड पगार होता, कुठे पाठीराख्यांचा छुपा निधी, तर कुठे नावापुरती नोकरी. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर ‘एनसीएए विरुद्ध अल्स्टन’ खटल्याचा २०२१चा निकाल काढून पाहावा (एनसीएए म्हणजे कॉलेज खेळांची नियामक संस्था). या दोन्ही गोष्टी सर्वोच्च न्यायालयानं त्यात नोंदवल्या आहेत. १९८७ साली टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या फुटबॉल संघावर अख्ख्या मोसमाची बंदी आली, तीसुद्धा बूस्टरांनी, म्हणजे संघाच्या धनाढ्य पाठीराख्यांनी, खेळाडूंना गुपचूप दिलेल्या पैशांमुळेच.

मग २०२१पूर्वी बंदी नेमकी कशावर होती? फक्त खेळाडूच्या वाट्यावर. बाकी सगळे कमावतच होते. पुरुष बास्केटबॉलच्या ‘मार्च मॅडनेस’ स्पर्धेच्या प्रक्षेपणातून वर्षाला सुमारे ११० कोटी डॉलर येतात आणि बड्या फुटबॉल प्रशिक्षकांचे पगार १ कोटी डॉलरच्या पुढे गेले होते. हे आकडेही त्याच निकालात आहेत. प्रशिक्षकानं बुटांच्या कंपनीशी करार केला तर ते त्याचं कर्तृत्व, आणि विद्यार्थ्यानं केला तर खेळाचं पावित्र्य भंगलं, हा न्याय कसला? यावर ठरलेलं उत्तर असतं, ‘त्यांना शिक्षण फुकट मिळतं की!’ मुळात पूर्ण शिष्यवृत्ती थोड्यांनाच मिळते. एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीतल्या कॉलेजांत तर क्रीडा शिष्यवृत्ती देताच येत नाही. ज्यांना ती मिळते त्यांच्या पदरात शिक्षण तरी पडतं का, हे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या प्रकरणात दिसलं. तिथे अठरा वर्षं चाललेल्या नाममात्र अभ्यासक्रमांचा लाभ ३,१००हून अधिक विद्यार्थ्यांनी घेतला आणि त्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते, असं २०१४च्या चौकशी अहवालात नमूद आहे. आणि शिष्यवृत्ती मिळते असं धरलं, तरी संगीताची शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्याला पैसे घेऊन गायला कोणी मनाई करत नाही.

खेळाडू पैसे घेऊ लागले तर प्रेक्षक पाठ फिरवतील, हा एनसीएएचा न्यायालयातला आवडता युक्तिवाद होता. २०२४ साली महिला बास्केटबॉलचा अंतिम सामना सरासरी सुमारे १ कोटी ८७ लाख लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा महिलांचा सामना अधिक पाहिला गेल्याची ती पहिलीच वेळ. त्यात खेळणारी आयोवाची केटलिन क्लार्क तेव्हा विमा कंपनीच्या जाहिरातींतून घराघरांत दिसत होती. प्रेक्षकांचं काही बिनसलं नाही.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. जाहिरातीचा मोबदला आणि बूस्टरचा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनी पैसे देते ते माल खपावा म्हणून. बूस्टर देतो ते खेळाडू आपल्याच कॉलेजात यावा म्हणून. २०२१नंतर पाठीराख्यांनी ‘कलेक्टिव्ह’ नावाचे निधी उभारले आणि कराराच्या नावाखाली भरतीची बोली लावली. हा गोंधळ खरा आहे, पण तो खेळाडूंना हक्क मिळाल्यामुळे झालेला नाही. कॅलिफोर्नियानं २०१९ सालीच कायदा करून दिशा दाखवली होती. तरी एनसीएए शेवटच्या क्षणापर्यंत अडून बसली आणि मग अपुऱ्या नियमांनिशी दार उघडून मोकळी झाली. जून २०२५मध्ये एनसीएएविरुद्धच्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयानं मान्यता दिली. त्यानुसार ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा बाहेरचा करार खेळाडूनं कळवायचा असतो. समोरचा पक्ष बूस्टर किंवा संघाशी संबंधित संस्था असेल, तर करारामागे खरा व्यावसायिक हेतू आहे का, हे तपासलं जातं. ही चाळण पक्की करणं हाच खरा उपाय. खेळाडूची कमाईच बंद करा म्हटलं तर पैसा पुन्हा पाकिटातून फिरेल, जसा तो शतकभर फिरत होता.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘२०२१पासून कॉलेजं पगार देतात’: नाही, कॉलेजांना स्वतःच्या उत्पन्नातून वाटा देता येऊ लागला तो २०२५च्या तडजोडीनंतर, पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला कमाल सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, तेही वाटा द्यायचं ठरवलेल्या कॉलेजांपुरतं. ‘सगळे खेळाडू करोडपती झाले’: एनसीएएचे खेळाडू पाच लाखांहून अधिक आहेत आणि मोठे करार मूठभरांनाच मिळतात. ‘आता ते नोकरदार झाले’: हा प्रश्न न्यायालयांत अजून सुटलेला नाही. ‘आपली मुलंही तिकडे खेळून कमावतील’: पुण्या-मुंबईहून टेनिसच्या शिष्यवृत्तीवर जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे नीट समजून घ्यावं. एफ-१ विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत काम करण्यावर कडक बंधनं आहेत, आणि तिथे केलेला जाहिरात करार व्हिसाच अडचणीत आणू शकतो. सही करण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आणि इमिग्रेशनच्या वकिलाला विचारलंच पाहिजे.