रात्री भिजवा, सकाळी खा : चियाची थंड खीर

चियाचे बी मूळचे मेक्सिको-ग्वाटेमालाकडचे, तुळशीच्याच कुळातले. आता ते म्हैसूर, नीमच भागातही पिकते. पुष्कळजण त्याला सब्जा समजतात. सब्जा एकसारखा काळा, चिया करडे व ठिपकेदार.

कृती : एका माणसासाठी २ मोठे चमचे चिया निवडून घ्यावे. तापवून गार केलेल्या १२५ मिलिलिटर दुधात घालून ढवळावे. दहा मिनिटांनी पुन्हा ढवळावे, नाहीतर गुठळ्या होतात. झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. सकाळी केळे किंवा चिकू कुस्करून घालावा. फ्रीज नसल्यास दूध रात्रभर बाहेर ठेवू नये, नासते. सकाळी बी अर्धा तास पाण्यात भिजवून मग दूध घालावे.

२८ ग्रॅम बियांत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, त्यामुळे पोट साफ राहते. सुरुवात मात्र एका चमच्याने करावी.

वाचकहो, कोरडे बी तोंडात टाकून वर पाणी कधीही पिऊ नका. ते वजनाच्या दहापट पाणी शोषते. २०१४ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अशाच एका रोग्याची हकीकत मांडली : फुगलेला गोळा अन्ननलिकेत अडकला होता. घरातील वृद्धांना व मुलांना नीट भिजलेलेच द्या.