पिंगळा आणि रानपिंगळा

दिवेलागणीला घराजवळच्या वडावर किंवा चिंचेवर दोघा-तिघांची कर्कश भांडाभांडी सुरू होते, तो पिंगळा. इंदूरकरांना त्याची ओळख करून द्यायला नको. वीतभर उंची, पिवळे डोळे, डोक्यावर-पाठीवर पांढरे ठिपके. आपण पाहायला लागलो की मान खालीवर करून तोच आपल्याला निरखतो.

त्याचा भाऊबंद रानपिंगळा मात्र फार थोड्यांनी पाहिला आहे. तो किंचित मोठा असतो. त्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतातच, छाती सलग तपकिरी, पोट पांढरं, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. चोच आणि पंजे अंगाच्या मानाने दणकट. मुख्य म्हणजे हा घुबड असूनही दिवसा वावरतो! सकाळी उन्हात निष्पर्ण फांदीवर बसून सरडे, उंदीर टिपतो.

1872 मध्ये ब्लूइट यांना तो आजच्या छत्तीसगडच्या भागात मिळाला. 1873 मध्ये ह्यूम यांनी (काँग्रेसच्या स्थापनेतले तेच!) त्याचं वर्णन करून ब्लूइट यांचंच नाव त्याला दिलं. 1884 मध्ये खानदेशात डेव्हिडसन यांना तो सापडला आणि पुढे 113 वर्षं कुणालाच दिसला नाही.

मधल्या काळात एक नमुना होता, मेनर्ट्झहागेन यांचा. 'मांडवी, गुजरात, 1914' असं त्यावरचं लेबल. लोक मांडवीकडे शोधत राहिले, मिळालं काहीच नाही. पॅमेला रासमुसेन यांनी नमुन्याची तपासणी केली तेव्हा कळलं, की डेव्हिडसन यांचाच पक्षी संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून त्यावर खोटं लेबल डकवलं होतं. आमच्या धंद्यात डेटाबेसमधली एक खोटी नोंद आठवडाभर छळते. इथे तिने कित्येक वर्षं खाल्ली. खोटं लेबल बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा समोर बसलेला होता.

नंतर तो मेळघाटात, गुजरातेत पूर्णा अभयारण्यात, तानसात आणि आपल्या खंडवा-बुऱ्हाणपूरकडच्या सागवानी जंगलांतही आढळला. तरी तो संकटग्रस्तच आहे. पिंगळ्याला भिंतीतलं भोक, जुन्या वाड्याची वळचण, काहीही चालतं. जंगल जाऊन शेत झालं तरी तो बांधावरच्या झाडात संसार थाटतो. रानपिंगळ्याला जंगलातल्या जुन्या झाडाची ढोलीच लागते. म्हातारा साग तोडून त्याजागी दहा रोपं लावली तरी त्यांत ढोली व्हायला कैक वर्षं जातात.

हिवाळ्यात मेळघाटच्या वाटेवर सकाळी उघड्या फांदीवर एखादा पिंगळा दिसला, तर गाडी थोडी लांबच थांबवा आणि दुर्बिणीतून आधी माथा पाहा. ठिपके दिसले, तर तो आपला नेहमीचाच.