पेशीच्या पडद्याखालची हालचाल

स्टॅन्ली कोहेन यांनी नवजात उंदरांना लाळग्रंथींचा अर्क टोचला, तेव्हा पिल्लांचे डोळे वेळेच्या बरेच आधी उघडले. त्या अर्कातल्या ईजीएफ या वाढघटकाने त्यांना पुढे १९८६चं नोबेल मिळवून दिलं. मला मात्र त्यांच्याच प्रयोगशाळेतलं १९७९चं निरीक्षण जास्त भावतं. बशीतल्या ए-४३१ या कर्कपेशींवर ईजीएफ सोडलं आणि पाचेक मिनिटांत पेशींच्या पृष्ठभागावर झालरीसारख्या चुण्या उठल्या; थोड्या वेळाने विरूनही गेल्या.

पेशी वाढायला, दुभंगायला काही तास लागतात. मग ही घाई कसली? ईजीएफ चिकटताच पडद्यातले ग्राही, म्हणजे त्याला पकडणारी प्रथिनं, जोडीने येतात आणि एकमेकांच्या आतल्या शेपटांवर फॉस्फेट चढवतात. तिथून निघालेला निरोप रॅक नावाच्या प्रथिनापर्यंत पोहोचतो. रॅक चेतलं की पडद्यालगत पेशीच्या सांगाड्यातल्या ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंना फांद्या फुटतात आणि त्या पडद्याला बाहेर रेटतात.

पण व्यवहार एकतर्फी नाही. ईजीएफच्या ग्राहीची शेपटी ॲक्टिनला थेट धरू शकते, हे १९९२मध्ये दिसलं. शिवाय पडद्याखालचं ॲक्टिनचं जाळं ग्राहींना मोकाट फिरू देत नाही. म्हणजे कोण कोणाला भेटणार, यात सांगाड्याचाही हात असतो.