अदृश्य कारस्थान आणि दृश्य रंगमंच : पेशवेकालीन नाट्याच्या संदर्भात

दरबारी कारस्थान हे स्वभावतःच अदृश्य असते. खलबत उघडे पडले, की ते फसते. नाटक व चित्रपट ही मात्र दृश्य माध्यमे आहेत. त्यामुळे राजवाड्यातील डावपेचांवर आधारलेल्या कलाकृतीपुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो : जे लपविले गेले, ते दाखवावयाचे कसे? या प्रश्नाचे उत्तर केवळ तंत्राशी निगडित नसते. दोष कोणाच्या पदरी पडावा, हेही त्यातूनच ठरते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला. आनंदीबाईंनी आज्ञापत्रातील 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' केले, ही आख्यायिका या घटनेस कायमची चिकटली. तिला निर्विवाद समकालीन पुराव्याचा आधार नाही. तरीही 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार भाषेत रुजला. याचे कारण तिच्या दृश्यक्षमतेत शोधता येते. एक कागद, एक लेखणी, एक अक्षर आणि एका स्त्रीचा हात एवढ्या सामग्रीत अख्खे कारस्थान डोळ्यांसमोर उभे राहते. मात्र अनेकांच्या सत्ताकांक्षेचा गुंता त्यामुळे एका व्यक्तीच्या कृतीत आकसतो.

कृ. प्र. खाडिलकर यांच्या 'भाऊबंदकी' (१९०९) या नाटकाचे सामर्थ्य वेगळ्या ठिकाणी आहे. रामशास्त्री प्रभुणे रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगतात, तेव्हा बंद दालनातील गुन्हा उघड शब्दांत मांडला जातो. येथे गुपिताचा भेद वाणी करते. प्रभातच्या 'रामशास्त्री' (१९४४) या चित्रपटानेही या न्यायनिष्ठ व्यक्तिरेखेलाच केंद्रस्थान दिले.

विजय तेंडुलकर यांच्या 'घाशीराम कोतवाल'चा प्रयोग १९७२ मध्ये जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली झाला. त्यात नाना फडणवीसांच्या काळातील पुणे असले, तरी वाड्याचे भव्य नेपथ्य नव्हते. ओळीने उभे राहिलेले ब्राह्मणच भिंत होत. ते पाठ फिरवीत तेव्हा आडोसा निर्माण होई. तोंड वळवीत तेव्हा तेच साक्षीदार ठरत. दुष्कृत्य झाकणारा पडदा माणसांचाच असल्यामुळे दोष एका हातावर न थांबता पाहणाऱ्या व न पाहणाऱ्या समूहापर्यंत पोहोचतो. ज्या पद्धतीने सत्य लपविले जाते, ती पद्धतच येथे दृश्य होते.

शनिवारवाड्यातील मुख्य इमारती १८२८ च्या आगीत नष्ट झाल्या. तट, दरवाजे व जोती तेवढी उरली. ज्या दालनांत खलबते झाली ती आज पाहता येत नाहीत. त्यांची जागा प्रेक्षकांच्या मनात नाट्यप्रतिमांनी घेतली आहे. अशी प्रतिमा पुराव्याइतकीच, क्वचित त्याहूनही अधिक, विश्वसनीय वाटू लागते. म्हणून ऐतिहासिक नाट्याच्या समीक्षेने वेशभूषा व तपशिलांच्या अचूकतेपाशी थांबू नये. कारस्थान कोणत्या दृश्यात साकारले आणि त्या दृश्याने कोणाला नजरेआड केले, याचाही विचार तिने करावयास हवा.