तिरंग्याच्या रंगांचा अर्थपालट

केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे सत्य आणि हिरवा म्हणजे समृद्धी, असे समीकरण आपण बालपणी इतक्या निःशंकपणे पाठ केलेले असते की, हे अर्थ त्या रंगांच्या ठायी मूळचेच असावेत असे वाटावे. वस्तुतः ते एका पिढीने वाद घालून, प्रसंगी पहिले अर्थ खोडून, जाणीवपूर्वक घडविलेले आहेत.

१९२१ साली बेजवाड्यास काँग्रेस महासमितीच्या बैठकीच्या वेळी पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींपुढे जो ध्वज ठेवला, त्यात तांबडा रंग हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा होता. इतर धर्मीयांसाठी गांधीजींनी पांढरा पट्टा सुचविला. जालंदरच्या लाला हंसराजांच्या सूचनेवरून चरखा आला. संख्येने सर्वांत अल्प असलेल्यांचा पांढरा पट्टा सर्वांत वर आणि बहुसंख्यांचा तांबडा सर्वांत खाली, कारण बलवंताने दुर्बलाची ढाल व्हावे, ही त्यामागील गांधीजींची कल्पना मला आजही फार उदात्त वाटते. याच ध्वजासाठी १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला आणि प्रांतोप्रांतीच्या स्वयंसेवकांनी तुरुंगवास पत्करला.

परंतु रंग जमातींना वाटून दिले की, वाटणीची तक्रारही मागोमाग येतेच. शिखांनी आपल्या रंगाची मागणी केली, आणि १९३१ साली कराची काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. साताऱ्यास जन्मलेले काका कालेलकर तिचे एक सभासद होते. समितीने सबंध केशरी ध्वजाची शिफारस केली. ती मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईस भरलेल्या महासमितीस मान्य झाली नाही. तिने तांबड्याच्या जागी केशरी घेऊन तीन रंग कायम राखले आणि या रंगांचा कोणत्याही जमातीशी संबंध नाही, केशरी धैर्य व त्यागाचा, पांढरा सत्य व शांतीचा, हिरवा श्रद्धा व शौर्याचा द्योतक आहे, असे जाहीर केले. माझ्या मते तिरंग्याच्या इतिहासातील खरा निर्णायक क्षण हाच. कारण ज्या चिन्हात आपला हिस्सा मोजून घ्यावा लागतो, ते चिन्ह सर्वांचे कधीच होत नाही.

२२ जुलै १९४७ रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेपुढे मांडलेल्या ठरावात रंगांची नावे आहेत, चक्राचा व्यास पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीएवढा असावा आणि रुंदी-लांबीचे प्रमाण २:३ असावे अशा तरतुदी आहेत. रंगांच्या अर्थाविषयी मात्र त्यात एक अक्षर नाही. चरख्याच्या जागी सारनाथचे चक्र आले, ते ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा म्हणून. अर्थ सांगण्याचे काम सभागृहातील भाषणांनी केले, आणि त्यांत डॉ. राधाकृष्णन यांचे विवेचन सर्वांत सखोल होते. केशरी हा राज्यकर्त्यांना निरिच्छतेची आठवण देणारा, पांढरा सत्याच्या मार्गावरील प्रकाश. आणि जो हिरवा रंग सव्वीस वर्षांपूर्वी एका समाजाचा मानला गेला होता, तो त्यांनी या भूमीशी, जिच्यावर इतर सर्व जीवन अवलंबून आहे त्या वनस्पतिसृष्टीशी असलेल्या आपल्या नात्याचा ठरविला.